मागची माणसं

लग्नाचे फोटो काढणाऱ्याला हल्ली एक कौतुक हमखास ऐकायला मिळतं. "काय मस्त ब्लर झालंय रे मागचं!" नवरी लख्ख, आणि तिच्या मागे दिव्यांचे सोनेरी गोळे तरंगतायत. दिसतं छानच, नाही कशाला म्हणू? पण गेली काही वर्षं माझ्या डोक्यात एक प्रश्न घोळतोय. लग्नात 'मागचं' म्हणजे नक्की काय?

फांदीवर बसलेल्या खंड्याच्या मागे पानं असतात. ती धूसर झाली तर कुणाचं काही जात नाही. लग्नात मागे माणसं असतात. मामा असतो, कऱ्हा घेतलेली करवली असते, पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलेली आजी असते.

थोडं तांत्रिक बोलतो, कंटाळू नका. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक. त्याचा आकडा उलटा चालतो, कारण तो भागाकार आहे. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/२ म्हणजे २५ मिलिमीटरचं भोक. आकडा लहान, भोक मोठं, उजेड जास्त. पण फोटोत स्पष्ट दिसणारा पट्टा तेवढाच अरुंद. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ची लेन्स लावली, एफ/१.८ ठेवलं आणि नवरी दोन मीटरवर असली, तर हा पट्टा जेमतेम ६ सेंटीमीटरचा. डोळ्यांवर फोकस केला तर नथ स्पष्ट येते, कानातल्या कुड्या मात्र गेल्या! मग मागच्या माणसांचं काय विचारता? तेच ५०च्या लेन्सवर एफ/५.६ ठेवलं, तर दोन मीटरवर पट्टा साधारण ५५ सेंटीमीटर होतो, आणि मागे सरकून तीन मीटरवर गेलात तर सव्वा मीटर. म्हणजे अ‍ॅपर्चरइतकंच काम आपले पायही करतात.

आमच्या आईबाबांच्या लग्नाचा, १९७४ सालचा अल्बम अजून घरी आहे. काळी पानं, कोपऱ्यांत अडकवलेले कृष्णधवल फोटो. समोरून थेट फ्लॅश मारलेले, कलात्मक वगैरे काही नाही. पण सगळं कसं स्पष्ट! त्यातल्या अंतरपाटाच्या फोटोत मी आईकडे बघतच नाही. मी बघतो मागे खांबापाशी उभ्या असलेल्या माणसाकडे. ते माझे आजोबा, आईचे वडील. माझ्या जन्माआधीच गेले. त्यांचे फोटो एकूण दोन, एक भिंतीवरचा हार घातलेला आणि एक हा. मुठीत अक्षता आहेत आणि टाकायच्या राहून गेल्यासारखा चेहरा आहे. मला आजोबा माहीत आहेत ते एवढेच.

याच्या उलट, २०१८ साली माझ्या मामेबहिणीच्या मुलीचं लग्न झालं. फोटोग्राफर कसलेला होता, अल्बम देखणा झाला. दोन वर्षांनी मामी गेली. तिचा चांगला फोटो हवा म्हणून बहिणीने सगळे फोटो धुंडाळले. मामी कितीतरी फोटोंत होती, पण नातीच्या मागे, हिरव्या पैठणीचा एक मऊ डाग होऊन. बहीण बिचारी स्क्रीनवर फोटो मोठा करून बघत होती. पण मोठा केला की ब्लरच मोठा होतो. त्या फोटोग्राफरला मी बोल लावणार नाही. त्याला नवरीचे फोटो काढायला सांगितलं होतं, ते त्याने उत्तम काढले. मामी त्याला कुठून ठाऊक असणार?

असो. तर घरच्या लग्नांत मी काय करतो ते सांगतो. नवरी तयार होत असताना, खिडकीच्या उजेडात ती एकटी असते तेव्हा एफ/१.८ खुशाल. तो फोटो तिचाच आहे. मंगलाष्टकांच्या वेळी मी अंतरपाटाच्या बाजूला काटकोनात उभा राहतो. तिथून मामा, नवरी, अंतरपाट, नवरा आणि पलीकडचा मामा साधारण एकाच रेषेत येतात, आणि एफ/४ही पुरतं. कन्यादानाला चार जणांचे हात आणि चेहरे हवेत म्हणून एफ/५.६. आणि पाठवणीला तर हट्टाने तेवढंच, कारण खरं रडणारी माणसं त्या वेळी मागेच उभी असतात.

याची किंमत मोजावी लागते बरं का. एफ/१.८ वरून एफ/५.६ वर आलं की उजेड जवळजवळ दहावा हिस्सा उरतो. जिथे आयएसओ ६४० चाललं असतं तिथे ६४०० लागतं. फोटोत दाणे दिसतात, मागच्या भिंतीवरचा पंखा आणि कार्यालयाच्या नियमांची पाटीही दिसते. दिसू दे. दाणेदार आजी चालते.

एक सवय मात्र लावून घेतली आहे. मुहूर्ताच्या आधी घरातल्या कुणाला तरी बाजूला घेऊन विचारतो, "थकलेलं कोण कोण आलंय? लांबून कोण आलंय?" मग ती माणसं कुठे बसली आहेत ते बघून येतो, आणि त्यानंतर आकडा ठरवतो.