पायाला कळलेला आवाज

तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला पेठ नाका ओलांडल्यावर. जानेवारी 2020 मधली गोष्ट. आईला घेऊन सांगलीहून पुण्याला निघालो होतो. सांगली ते पेठ हा रस्ता तेव्हा खड्ड्यांसाठी जिल्हाभर माहीत होता. त्या रस्त्यावर जुनी गाडी नुसती वाजत असते, त्यात नवा आवाज कुठला नि जुना कुठला हे कळायचं कारणच नसतं. नाक्यावर हायवेला लागलो, काटा चाळिशीच्या पुढे सरकला आणि खालून घूंऽऽ असा जाड, एकसुरी आवाज सुरू झाला. लांबून विमान यावं तसा. साठला तो चांगलाच चढला. पाय उचलला की खाली बसायचा, वेग घेतला की पुन्हा वर यायचा.

गाडी मारुती 800, 2004 सालची. अण्णांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. ते गेले, गाडी राहिली. पंधरा वर्षं पुरी झाल्यावर आरटीओत जाऊन मी तिची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी करून घेतली होती, कारण ती मला ठेवायची होती. त्यामुळे तो आवाज ऐकून पोटात गोळा आला.

पुण्यात ज्या गॅरेजला नेली, तिथल्या माणसाने गाडी चालवून न बघताच टायरांवरून हात फिरवला आणि सांगितलं, ‘टायर आहेत, बदला.’ टायरांच्या कडा खरंच झिजल्या होत्या. वेडेवाकडे झिजलेले टायर असाच घुमणारा आवाज करतात, हेही खरं आहे. पण टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो: डांबरावर एक, काँक्रीटवर दुसरा. आमचा आवाज कुठल्याही रस्त्यावर तोच होता. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. चार नवे टायर घातले, आवाज होता तसाच. मग अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग झालं. चाकाचं बॅलन्स बिघडलं तर स्टिअरिंग थरथरतं, आणि आमचं स्टिअरिंग शांत होतं. शेवटी ‘पुढची दोन्ही बेअरिंगं टाकून बघू’ असं म्हणाले. ‘टाकून बघू’ या शब्दांनी मात्र मी थांबलो. ताप का आला हे न शोधता औषधं बदलत राहावीत, तसं चाललं होतं ते.

आईला परत सोडायला निघालो तेव्हा ठरवलं की आज नीट ऐकायचं.

पहिला प्रश्न होता, इंजिनाचा आवाज की चाकाचा? मागेपुढे वाहन नाही असा सरळ पट्टा बघून साठच्या वेगात क्लच दाबला. इंजिन खाली आलं, घूं घूं तशीच चालू. म्हणजे इंजिन सुटलं. आवाज गाडीच्या धावण्याशी बांधलेला होता.

दुसरी गोष्ट घाटात कळली. खंबाटकी चढताना आठशेला वेगच कुठला, तिथे काही ऐकू येईना. पण घाटमाथा ओलांडून वेळे, सुरूरकडे उतरताना लांब वळणं लागतात. डाव्या वळणावर आवाज एकदम भरून यायचा आणि उजव्या वळणावर पातळ व्हायचा. दोन वळणं, तीन वळणं, प्रत्येक वेळी तेच. गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचं वजन उजव्या चाकांवर कलतं. दुखऱ्या पायावर भार पडला की माणूस कण्हतो, तसंच हे. म्हणजे दुखणं उजव्या बाजूला.

पण पुढे की मागे? माझे कान छातीठोकपणे सांगत होते, पुढे, तेही डावीकडे. कानांचं इथे चुकतं. गाडीचा पत्रा सलग असतो, आवाज त्यातून पसरतो आणि निघतो एकीकडून, ऐकू येतो दुसरीकडून.

आई मागे बसली होती, माझ्या बरोबर पाठीमागे. तिला कमी ऐकू येतं आणि कानातलं मशीन ती गाडीत काढून ठेवते, वाऱ्याचा आवाज त्यात फार घुसतो म्हणून. कराडच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा मशीन घालून ती म्हणाली, ‘अरे, तू मघापासून आवाज, आवाज म्हणतोयस ते मला काही ऐकू आलं नाही. पण इथं खाली पायाला सारखी झिणझिण लागतेय बघ. डावीकडं सरकून बसले तेव्हा कमी होती.’

मी चहा तसाच ठेवला आणि मागे जाऊन तिच्या पायाखाली पाहिलं. पायांच्या मागे सीट आणि सीटच्या मागे मागचं उजवं चाक.

सांगलीत अण्णा ज्यांच्याकडे गाडी दाखवायचे त्या मेस्त्रींकडे दुसऱ्या दिवशी गेलो. मी सुरुवातच ‘बेअरिंग गेलंय बहुतेक’ अशी केली. त्यांनी हात वर केला. ‘काय गेलंय ते मी बघतो. आवाज कधी येतो, कधी येत नाही, तेवढं सांगा.’ मी वेग सांगितला, क्लच दाबून पाहिल्याचं सांगितलं, वळणांचं सांगितलं. आईच्या पायाचं सांगितलं तेव्हा ते थांबले. मग विचारलं, ‘पुरात होती काय गाडी?’

होती. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पाण्याने 45 फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागे टाकली होती आणि ते 57 फुटांवर गेलं होतं. आमच्या गल्लीत गाडी अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात उभी होती. सीटपर्यंत पाणी चढलं नाही म्हणून आम्ही देवाचे आभार मानले. ओसरल्यावर धुतली, ऑइल बदललं, ब्रेक साफ करून घेतले. चाकाच्या आत काय झालं असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

मेस्त्रींनी पुढच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक सोडला आणि मागची उजवी बाजू जॅकवर घेतली. घड्याळात बारा आणि सहा असतात तिथे चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. तसूभर हललं नाही. पुष्कळ जण इथेच ‘प्ले नाही, बेअरिंग चांगलं आहे’ म्हणून चाक खाली ठेवतात. त्यांनी एका हाताने चाक फिरवलं आणि दुसऱ्या हाताची बोटं आत घालून स्प्रिंगवर ठेवली. डोळे मिटले. मग मला म्हणाले, ‘इथं हात ठेवा.’

मी ठेवला. चाक जवळपास नि:शब्द फिरत होतं, पण स्प्रिंगमधून बोटांना बारीक खरखर येत होती. जात्यात वाळूचे चार कण गेल्यावर खुंट्याला जशी लागते, अगदी तशी. मग डावं चाक उचललं आणि तिथल्या स्प्रिंगवर हात ठेवायला लावला. तिथे काहीच नाही. दोन हातांतला तो फरक एकदा कळला की आयुष्यात विसरत नाही.

उजवा ड्रम उघडला. मध्यावरची टोपी काढली, नट सोडवला आणि ड्रम ओढून बाहेर घेतला. या गाडीत मागच्या ड्रममध्येच दोन बेअरिंगं बसवलेली असतात, एक आतलं, एक बाहेरचं. ग्रीसचा मूळ रंग उरलाच नव्हता. चहात बिस्कीट विरघळून तळाशी बसतं तसा तांबूस लगदा होता. आतलं बेअरिंग त्यांनी रॉकेलमध्ये धुतलं, फडक्याने पुसलं आणि उजेडात धरलं. गोळ्या ज्या पन्हळीतून धावतात ती आरशासारखी हवी. तिच्यावर एका बाजूला खसखशीएवढे खड्डे पडले होते, ओळीने पाच-सहा.

एवढ्याशा खड्ड्यांचा एवढा आवाज कसा, हे मी घरी कागदावर मांडून पाहिलं. बारा इंची रिमचं ते चाक ताशी साठच्या वेगात सेकंदाला सुमारे दहा फेऱ्या करतं. प्रत्येक फेरीत एकामागून एक गोळी त्या खड्ड्यांवरून उडी मारत जाते. एक-एक ठोका वेगळा ऐकू येण्याइतका अवकाशच उरत नाही, ठोके एकमेकांत मिसळतात आणि त्यांची घूं होते. वेग वाढला की ठोके वाढतात आणि आवाज चढतो.

या गाडीचं उत्पादन 2014 साली थांबलं, तरी दोन्ही बेअरिंगं आणि सील गावात तासाभरात मिळालं. बसवताना मेस्त्रींनी जुन्या बेअरिंगचं बाहेरचं कडं नव्यावर ठेवलं आणि चारी बाजूंनी हलके ठोके दिले. ठोका बाहेरच्या कड्यावरच पडला पाहिजे. आतल्या कड्यावर पडला तर तो गोळ्यांतून जातो आणि नवं बेअरिंग बसतानाच डागी होतं. हे काम घाईने करणाऱ्याच्या हाती देऊ नये.

दुपारी आईला मुद्दाम त्याच जागी बसवून मिरज रस्त्याला चक्कर मारली. साठपर्यंत गेलो. ती पाय टेकवून बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, ‘गेलं.’

निघताना मेस्त्रींनी एक गोष्ट आपणहून सुचवली आणि मी लगेच हो म्हटलं होतं. ज्या डाव्या चाकात हाताला काही लागत नव्हतं, त्याचाही ड्रम त्यांनी उघडला. पन्हळ अजून साफ होती, पण ग्रीस तांबडं पडायला लागलं होतं. तीही दोन्ही बेअरिंगं बदलली. तुमची गाडी कधी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल, तर आवाज येण्याची वाट पाहू नका. चारही चाकांची बेअरिंगं एकदा जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. आमचं डावं चाक एकदाही वाजलं नव्हतं, तरी पाणी त्यातही शिरलं होतं.