मधली चित्रं

दर दिवाळीला मी माझ्या गावी, नवेगाव बांधला जातो आणि कोलू पाटील कोहळींच्या त्या जुन्या बांधावर उभी करून आईचा एक फोटो काढतो. यंदा भाचा म्हणाला, "मामा, यांची फिल्म करू या." मराठीच्या प्राध्यापकाला संगणक शिकवण्याची ही हौस त्याला कुठून आली, देव जाणे!

सगळी किमया 'की-फ्रेम'ची. शून्य सेकंदाला चित्र डाव्या कडेला ठेवून खूण करायची. पाचव्या सेकंदाला उजवीकडे नेऊन दुसरी खूण. सेकंदाला पंचवीस चित्रं धरली, तर मधली शंभरावर चित्रं यंत्र आपलं आपणच भरतं! डिस्नेच्या चित्रशाळेत मुख्य चित्रकार महत्त्वाच्या मुद्रा काढीत आणि मधली चित्रं हाताखालची मंडळी. ते काम आता यंत्राकडे आलं.

पण माझं चित्र निघताना हिसका देई, थांबताना धडके. "वेग सारखा ठेवलात म्हणून," भाचा म्हणाला. त्यानं आरंभ आणि शेवट संथ केला आणि चित्र तलावातल्या डोंग्यासारखं चाललं. डोंगा काठावरून हळूच सुटतो, मध्यावर वेग धरतो आणि काठ जवळ आला की मंदावतो.

मग मी धीट झालो. आईचा दहा वर्षांपूर्वीचा फोटो पुसट होत जाईल आणि त्यातून यंदाचा उमटेल, अशा खुणा केल्या. आईला बोलावलं. काळे केस पाच सेकंदांत पांढरे झाले. ती पडद्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "इतक्यात बुढी झाली मी?"

मी हसलो खरा. पण रात्री झोप येईना. दादासाहेब फाळके आठवले. १९१२ साली 'अंकुराची वाढ' करताना त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर नेमानं त्याचं चित्र टिपलं. मधलं प्रत्येक चित्र त्यांच्या डोळ्यांदेखतचं. आणि मी? तिचे गुडघे कधी धरले, बांध चढताना ती काठी कधी घेऊ लागली, मला ठाऊक नाही. या दिवाळीपासून त्या दिवाळीपर्यंतचं सारं मी यंत्रासारखं अंदाजानं भरत आलो.

यंदा संक्रांतीलाही जायचं ठरवलं आहे. तेवढीच एक खूण वाढेल.