वेलीनं लावलेलं काम

तांबड्या भोपळ्याचं फूल उजाडता उजाडता उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, ते कायमचंच. दुसऱ्या दिवशी त्याच वेलीवर दुसरी फुलं असतील, पण हे काही पुन्हा उघडायचं नाही. तेवढ्या चार-पाच तासांत नरफुलातला पराग मादीफुलापर्यंत पोचला तर भोपळा. नाही पोचला, तर मादीफुलाच्या बुडाशी असलेला सुपारीएवढा हिरवा गोळा पिवळा पडतो, सुरकुततो आणि दोन-चार दिवसांत गळून खाली आळ्यात येतो. ज्यांच्या परसात वेल आहे पण भोपळा नाही, त्यांच्याकडे हे रोज सकाळी घडत असतं, आणि त्या वेळी घरातली मंडळी आत चहा पीत असतात.

‘फुलं ढीगभर येतात, धरत एकही नाही,’ ही तक्रार आमच्याकडे दर श्रावणात ऐकू येते. मग उपाय सुरू होतात. कुणी आळ्यात राख घालतं, कुणी युरिया ओततं, कुणी दृष्ट लागली म्हणून मांडवाच्या खांबाला जुनी चप्पल टांगतं. युरियानं पानं परातीएवढी होतात आणि फुलं आणखी लांबतात. राखेनं नुकसान तरी होत नाही. चपलेबद्दल मी काही बोलत नाही. खरी गोष्ट अशी की वेल आधी नुसती नरफुलंच काढते, आणि पुढेही एका मादीफुलामागे कितीतरी नरफुलं असतात. लांब, बारीक, पोकळ देठावर ताठ उभं ते नर; आखूड देठाचं, वेलीला लगटून बसलेलं आणि पाकळ्यांखाली इवलासा भोपळा घेऊनच जन्मलेलं ते मादी. फळ देत नाहीत म्हणून नरफुलांना ‘वांझ फुलं’ म्हणायची पद्धत आहे. मला ती अन्यायाची वाटते. लांब दिवस आणि उष्मा असला की वेल नरफुलं वाढवते, दिवस लहान आणि हवा गार झाली की मादीफुलं. तिचा खर्च तिला कळतो. आपण फक्त बाजारात न्यायच्या फळाकडे बघत असतो.

श्रावणातली अडचण मात्र खरी असते. आमच्या कोकणात वेल मृगात लावायची, म्हणजे ती नेमकी भर पावसात फुलावर येते. भोपळ्याचा पराग वाऱ्यानं उडणारा नव्हे. तो जाड, चिकट आणि काटेरी. नुसत्या डोळ्यांनी त्याचा दाणा न् दाणा दिसल्यासारखा वाटतो. पाण्यात भिजला की तो फुटून वाया जातो. आणि पावसात माश्या घराबाहेर पडत नाहीत. मग फुलं उघडून, पाण्यानं भरून, मान टाकून जातात. अशा दिवसांत छत्री घेऊन मांडवाखाली जाणं आलंच.

काम आदल्या संध्याकाळी सुरू होतं. उद्या उमलणारी कळी ओळखता येते: टोकाला पिवळी झालेली, फुगलेली, पण अजून पीळ न सुटलेली. मादीची अशी कळी दिसली की तिला एक सैलसर कागदी टोपी घालून ठेवायची, म्हणजे रात्रीच्या सरीनं आत पाणी साठत नाही. सकाळी आधी नरफूल देठासकट खुडायचं. त्याच्या पाकळ्या फाडून काढल्या की मधला केशरी दांडा उघडा पडतो. बोट लावलं तर बोटाला पिवळी पूड चिकटते. हळदकुंकवाच्या वाटीत बोट बुडवावं तशी. मग मादीफुलाची टोपी काढायची. आत तीन जाड, मखमली, मधोमध दुभंगलेले कोंब असतात, ओलसर आणि हलकेच चिकट. दांडा त्या तिन्हींवर सावकाश फिरवायचा, सगळीकडून. घाई केली की एकच बाजू माखते आणि भोपळा पुढे एका अंगानं वाढतो, दुसऱ्या अंगानं आक्रसतो. पोटातल्या प्रत्येक बीसाठी परागाचा एकेक दाणा लागतो, आणि बिया तर दोन-तीनशेही असू शकतात. म्हणून एका मादीसाठी दोन-तीन नरफुलं वापरावीत. मग पुन्हा टोपी. एवढं होईपर्यंत पाठीवर मांडवाचं पाणी ठिबकत असतं आणि पानांच्या बारीक काट्यांनी मनगटं चरचरतात.

‘भोपळ्याचं लग्न लावताय वाटतं?’ असं कुंपणापलीकडून शेजारच्या काकू विचारतात. दर वर्षी हाच विनोद, आणि दर वर्षी त्या तितक्याच मनापासून हसतात. मी त्यांना सांगतो, ‘काकू, लग्नात भटजीला दक्षिणा असते हो.’

वेलीकडून दक्षिणा मिळत नाही. उलट, समोर जो दिसेल त्याला कामाला लावण्यात ही जात हजारो वर्षं मुरलेली आहे. भोपळा मूळचा अमेरिकेतला. त्याच्या रानटी भाऊबंदांची फळं मुठीएवढी आणि विषारी म्हणावीत इतकी कडू. लहान प्राणी त्यांच्या वाटेला जात नसत. पण हत्तीच्या चुलत भावंडांत मोडणारे मॅस्टोडॉन ती खात आणि बिया दूरवर टाकत. त्यांच्या जुन्या शेणात या बिया सापडल्या आहेत. ते अवाढव्य प्राणी संपले, तेव्हा वेलीनं माणूस गाठला. मेक्सिकोत वाहाका प्रांतातल्या गिला नाकित्झ गुहेत लागवडीच्या भोपळ्याच्या सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या बिया मिळाल्या, म्हणजे मक्याच्याही आधीच्या. गर कडू म्हणून सुरुवातीला लोक बियाच खात असावेत. पुढे मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यात लावायची पद्धत तिथं रुजली. मका घेवड्याला आधार देतो, घेवडा जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची रुंद पानं तण दाबतात.

फुलांसाठी तर वेलीकडे तिथं खास माणसं, म्हणजे माश्याच होत्या. अमेरिकेत एक एकांडी माशी आहे, ती आपल्या पिलांसाठी फक्त भोपळ्याच्याच जातीचा पराग नेते. मधमाश्यांच्या आधी, अंधुक उजेडात ती कामाला लागते. फूल मिटलं की तिचे नर त्याच्याच पोटात झोपतात. दुपारी कुणी असं मिटलं फूल चिमटीत दाबलं तर आतून गुणगुण ऐकू येते. शेतकऱ्यांनी भोपळा उत्तरेकडे नेला तशी ही माशीही मागोमाग पसरत गेली. पण समुद्र ओलांडून ती आली नाही. कोलंबसानंतर भोपळा जहाजांतून जगभर गेला तो आपली माशी मागं ठेवून.

मेक्सिकोतल्याच व्हॅनिलाची गत यापेक्षा वाईट झाली. तिची वेल परमुलखात वाढे, फुले, पण शेंग धरत नसे. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर 1841 साली एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं काडी आणि अंगठा वापरून ते फूल फळवायची रीत शोधली. आज कोकणात सुपारीच्या बागेत कुणी व्हॅनिला लावली, तर सकाळी त्या मुलाचीच रीत वापरून फुलं फळवावी लागतात. भोपळा इतका मानी नाही. जी माशी भेटेल तिच्यावर तो भागवतो.

आणि आमच्याकडे त्या आहेत. पाऊस एक-दोन तास उघडला की पहिल्यांदा सातेरी मधमाश्या येतात. फुलात उतरतात, दांड्याच्या बुडाशी असलेल्या मधाच्या वाटीशी डोकं खुपसतात आणि पाठ पिवळी करून बाहेर पडतात. तो काटेरी पराग त्यांना पायांवरच्या टोपलीत नीट बांधता येत नाही, म्हणून पानावर बसून झाडत राहतात. त्या झाडण्यातून जे उरतं तेवढ्यानंही वेलीचं काम होतं. जुन्या भिंतीच्या भेगेत राहणाऱ्या, डंख नसलेल्या इवल्या माश्याही येतात, आणि अधूनमधून एखादा काळा भुंगा. त्याच्या वजनानं अख्खं फूल कलंडतं. पेटीत राहणारी सातेरी आणि तिच्या भगिनी यांच्यावर काम करणारी मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था पुण्यात 1962 पासून आहे. आपल्या बागायतदारांना मात्र पोळं दिसलं की धुराचं फडकं आठवतं. पानांवर तांबडे भुंगेरे दिसले म्हणून भर सकाळी उघड्या फुलांवर औषध मारणारे महाभाग तर मी पाहतोच. भुंगेरे सकाळी गारठ्यानं सुस्त असतात, हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाकता येतात. मारायचंच असेल तर संध्याकाळी मारावं, फुलं मिटल्यावर.

त्याच मांडवाच्या दुसऱ्या टोकाला दुधी असतो. त्याचं वेळापत्रक उलटं. पांढरी, पातळ फुलं दिवेलागणीला उघडतात आणि पतंग त्यांच्यावर घिरट्या घालतात. दुधी आफ्रिकेतला, आणि आपल्याकडे अमेरिकेचा शोध लागायच्या कितीतरी आधी आलेला. मिरजेचे कारागीर ज्यांचे तानपुरे आणि सतारी करतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे भोपळे याच कुळातले. त्यांच्या गोलाईतही फरक पडून चालत नाही. रात्री फुलावर आलेल्या पतंगाचा हात तानपुऱ्याच्या जव्हारीपर्यंत पोचतो, असं म्हटलं तर कारागीर हसतील, पण नाकारता यायचं नाही.

झुकिनीचं आमच्याकडे कौतुक फार. पुण्याहून पुतण्यानं बियांचं पाकीट आणलं, आणि ते हिवाळ्यात लावलं म्हणून निभावलं. पावसाळ्यात कोकणात झुकिनी लावणं म्हणजे पानं सडताना बघायची हौस. ती मांडवावर चढत नाही, झुडपासारखी एका जागी पसरते. अमेरिकन भोपळ्याच्याच एका जातीपासून इटलीत घडवलेली ही भाजी कोवळीच खायची असते, फूल मिटल्यावर आठवड्याभरात. दोन दिवस विसरलात तर ती मुसळाएवढी होते आणि मग तिची चव पाण्यासारखी. गारव्यात कधी तिला आधी मादीफुलंच येतात आणि नराचा पत्ता नसतो. इटलीत काय करतात कोण जाणे, पुतण्या फोनवर रोज विचारायचा, ‘काका, आला का एखादा?’

फळ धरलं म्हणजे काम संपलं असं नाही. वेल स्वतःच झेपतील तेवढीच ठेवते, बाकीची गाळून टाकते. त्यात आपल्या कागदी टोपीवाल्यांपैकीही एखादा जातो, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. राहिलेल्यांना फळमाशी टोचते. तिनं अंडी घातली की आतून अळ्या पडतात आणि भोपळा तिथून नरमतो. म्हणून कोवळ्या फळाला वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि मांडवाला क्यू ल्यूरचा सापळा लावायचा. मोठं होऊ लागलं की सुंभाची झोळी करून टांगायचं. नख रुतेनासं झालं, देठ बुचासारखा वाळला आणि सालीवर राखेसारखी पूड आली की झालं. परागापासून इथपर्यंत साधारण दीड महिना, म्हणजे नेमका पितृपक्ष.

आणि या सगळ्या काळात नरफुलांची भजी चालू असतात. सकाळी मादीफुलांना हवी तेवढी नरफुलं लागल्यावर उरलेली मिटायच्या आत खुडायची, आतला दांडा काढून टाकायचा, तांदळाच्या पिठात बुडवून तळायची. वांझ फुलं म्हणणारेच दोनदा मागून घेतात.

पितृपक्षात भोपळा खाली उतरतो. कोयता लागतो, आणि पहिला घाव पुरुषानंच घालायचा अशी आमच्याकडे रीत. कारण कुणी सांगत नाही, पण मोडतही नाही. आतून केशरी गर आणि बियांचा गुंता बाहेर आला की घरभर काकडीसारखा वास सुटतो. दोन माणसांच्या घराला एवढा भोपळा काही संपत नाही. एक फाक भाजीला, एक घारग्यांना, उरलेल्या फाका आळीत जातात. काकूंची फाक काकू स्वतः न्यायला येतात आणि बियाही मागतात.

‘बिया द्या, पण तुमच्या त्या झुकिनीचा संकर झालेल्या नकोत हो.’

मी सांगतो की झुकिनीची जात वेगळी, या भोपळ्याशी तिचं सहसा जमत नाही. शिवाय ती हिवाळ्यात फुलली आणि हा श्रावणात, दोघांची गाठ पडलीच नाही. आणि मादीफुलावर टोपी होती, पराग मी स्वतः लावला.

‘ते खरं हो,’ काकू बिया राखेत चोळत म्हणतात, ‘पण तुमचं काय सांगावं. तुम्ही सकाळी चष्मा लावत नाही.’