साल ठरवून खेळणारा

अनुवादाच्या तासाला मी अधूनमधून वर्तमानपत्री इंग्रजीतला एखादा उतारा घेतो. कथा-कवितेच्या इंग्रजीपुढे मुले आधीच नमते घेतात. क्रीडापानाशी मात्र बरोबरीने झुंजतात, असा माझा अनुभव आहे. असाच एक उतारा अमेरिकेतल्या टोनी मॅसेनबर्ग या बास्केटबॉलपटूविषयीचा होता. मॅसेनबर्ग फॉरवर्ड. उंच उडून बास्केट करणाऱ्यांच्या भोवती जी माणसे धक्के खातात, हुकलेला चेंडू परत मिळवतात आणि धावफलकावर फारशी दिसत नाहीत, त्यांतला तो एक. १९९० साली सॅन अँटोनिओच्या संघाने त्याला निवडले. पुढे पंधरा वर्षांत तो एनबीएच्या बारा संघांतून खेळला, मधल्या काळात युरोपातही जाऊन आला, आणि २००५ मध्ये पुन्हा सॅन अँटोनिओकडूनच खेळताना विजेतेपदाची अंगठी घेऊन थांबला. अशा खेळाडूसाठी इंग्रजी क्रीडापत्रकारितेत एक रूढ शब्द आहे : जर्नीमन. त्याला मराठी प्रतिशब्द काय, या प्रश्नावर आमचा तास अडला.

'प्रवासी', 'भटक्या', 'फिरस्ता' अशी उत्तरे आली. ती येणारच, कारण शब्दात 'जर्नी' आहे. पण या शब्दाच्या मुळाशी प्रवास नाही. फ्रेंचमधल्या 'जुर्ने'चा, म्हणजे दिवसभराच्या कामाचा, त्याच्याशी संबंध आहे. युरोपातल्या कारागिरांच्या जुन्या व्यवस्थेत उमेदवारी संपलेला, हातात पूर्ण कसब असलेला, परंतु स्वतःची कार्यशाळा नसलेला माणूस म्हणजे जर्नीमन. तो उस्तादाकडे रोजावर काम करी. म्हणजे या शब्दाचा भर पायांवर नसून हातांवर आहे. हे सांगून मी फळ्यावर 'रोजंदार' लिहिले; तेही मनास येईना. रोजंदाराला आज बोलावतात, उद्याचे कोणी सांगत नाही. खेळाडूशी करार हंगामाचा असतो.

मागच्या बाकावरून आर्वीकडच्या एका खेड्यातली विद्यार्थिनी म्हणाली, "सर, सालदार म्हटलं तर? माझे बाबा होते."

वर्गात क्षणभर शांतता पसरली. ती शब्दामुळे होती की वाक्याच्या दुसऱ्या भागामुळे, हे मला सांगता येणार नाही. इतरत्र ज्याला सालगडी म्हणतात तो आमच्याकडचा सालदार. गुढीपाडव्याला त्याचे साल ठरते : वर्षाची रक्कम किती, धान्य किती. पुढच्या पाडव्यापर्यंत त्या शेताचा नांगर, बैल, पेरणी, कापसाची राखण हे सारे त्याच्या अंगावर. पाडवा आला की एक तर पुन्हा तेच घर, नाही तर दुसरे. शेताची नस त्याला मालकाहून अधिक ठाऊक असते. सातबाऱ्यावर मात्र त्याचे नाव कोठेही नसते.

मी शब्द मान्य केला, फळ्यावर लिहिला आणि तास संपवला. शब्द मनातून गेला नाही, याचे कारण खाजगी आहे. मीही सालदारच आहे. तासिका तत्त्वावर शिकवणारा प्राध्यापक म्हणजे दुसरे काय? जुलै-ऑगस्टात मुलाखत, मोजलेल्या तासांचे मोजलेले मानधन आणि सत्राअखेर आपोआप संपणारी नेमणूक. गेल्या चौदा वर्षांत या जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या सहा महाविद्यालयांत मी शिकवले आहे. मॅसेनबर्गच्या निम्म्यावर आलो, असे मी कधी कधी घरी म्हणतो. त्यावर आता कोणी हसत नाही.

बास्केटबॉलची ही गोष्ट दूरची वाटली, तरी तिची भावंडे आमच्या वाटेवरच आहेत. वर्ध्याहून नागपूरला जाणारी एसटी पवनार, सेलू, बुटीबोरी करीत जामठ्याला येते, तेव्हा विदर्भ क्रिकेट संघटनेचे स्टेडियम दिसते. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकात खेळतो आहे. साठ वर्षे त्याला अंतिम सामनाही पाहता आला नव्हता. भारतीय क्रिकेटच्या नियमांनुसार राज्य संघाला बाहेरचे तीन खेळाडू घेता येतात. त्यांना 'प्रोफेशनल' म्हणतात. साध्या मराठीत, पाहुणे. २०१४-१५ मध्ये कर्नाटकचा गणेश सतीश असा आला. त्याच्या पुढल्या हंगामात मुंबईचा वसीम जाफर.

जाफर हा खरे तर जर्नीमनच्या व्याख्येत बसत नाही. मुंबईतल्या एका बसचालकाचा हा मुलगा कारकिर्दीतल्या दुसऱ्याच प्रथम श्रेणी सामन्यात राजकोटला नाबाद ३१४ धावा करून मोकळा झाला होता. पुढे भारताकडून ३१ कसोटी, त्यांत दोन द्विशतके. मुंबईकडून आठ रणजी विजेतेपदे, त्यांतली दोन कर्णधार म्हणून. असा माणूस सदतिसाव्या वर्षी घर सोडतो आणि ज्या संघाकडे करंडक नाही अशा संघात, फैज फजल या नागपूरकर कर्णधाराच्या हाताखाली, एक साधा फलंदाज म्हणून उभा राहतो, हे मला त्याच्या आकड्यांपेक्षा अधिक विचार करायला लावते. २०१७-१८ च्या हंगामात तो विदर्भाकडून विनामोबदला खेळला. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीला नऊ गडी राखून हरवून विदर्भाने पहिल्यांदा करंडक जिंकला, तेव्हा विजयी धाव या पाहुण्याच्याच बॅटमधून आली. त्या सामन्यात हॅटट्रिक रजनीश गुरबानीची होती, शतक अक्षय वाडकरचे होते. म्हणजे घरच्यांनी घर बांधले. पाहुण्याने शेवटची वीट ठेवली, एवढेच.

मी त्याला खेळताना पाहिले ते त्यानंतर अडीच महिन्यांनी, १५ मार्च २०१८ रोजी. शेष भारताविरुद्ध इराणी करंडकाचा सामना जामठ्यावर चालू होता. नागपुरातले एक काम लवकर आटोपले आणि परतीच्या वाटेवर मी जामठ्याला उतरलो. प्रेक्षक मोजके. ऊन चांगलेच चढलेले. चाळिशी ओलांडलेला जाफर आदल्या दिवशीच्या नाबाद ११३ वरून पुढे खेळत होता आणि दिवसातला बराच काळ समोर गणेश सतीश होता. विदर्भाच्या नावावर धावा चढत होत्या, आणि त्या चढवणाऱ्या दोघांपैकी एकाचे घर मुंबईत, दुसऱ्याचे कर्नाटकात. सतीशने १२० धावा केल्या. जाफरचे फटके मी आज वर्णन करू शकणार नाही; लक्षात राहिली ती त्याची घाई नसलेली हालचाल. चेंडू खेळून झाला की तो थोडा बाजूला जाई, खेळपट्टीकडे एकदा पाही आणि परत येऊन उभा राही. शेत कोणाच्या नावावर आहे याचा विचार नांगर धरलेला माणूस तासागणिक करीत नसतो. संध्याकाळी तो नाबाद २८५ होता. दुसऱ्या सकाळी एका धावेची भर घालून बाद झाला. सामना संपला १८ मार्चला. त्या दिवशी गुढीपाडवा होता.

त्या पाडव्याला माझ्या हातात कोणतीच नेमणूक नव्हती. काही आठवड्यांपूर्वीचा एक प्रसंगही ताजा होता. ज्या महाविद्यालयात मी तेव्हा शिकवत होतो, तेथे वर्षअखेरीचे विभागाचे छायाचित्र काढायचे होते. खुर्च्या मांडल्या गेल्या. मी मागच्या रांगेत उभा राहिलो. तेव्हा कोणीतरी, अत्यंत सौजन्याने, सुचवले की आधी फक्त कायम प्राध्यापकांचे छायाचित्र घेऊ, मग सगळ्यांचे. आम्ही तिघे बाजूला झालो. नंतर मुख्य पाहुण्यांना उशीर होऊ लागला आणि 'सगळ्यांचे' छायाचित्र राहून गेले. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. सूचना करणाऱ्याने मला पुढे दोनदा कामही मिळवून दिले. परंतु त्या वर्षी विभागात सर्वाधिक तास मी घेतले होते, आणि त्या वर्षाच्या चित्रात मी नाही.

म्हणून करंडक हाती घेतलेल्या विदर्भ संघाचे छायाचित्र वर्तमानपत्रात मी फार वेळ पाहत बसलो होतो. त्यात पाहुणे बाजूला काढलेले नव्हते. क्रिकेटच्या धावफलकातही पाहुण्यासाठी वेगळा रकाना नसतो. आमच्या हजेरीपत्रकात असतो.

येथे थांबलो असतो तर एक बरा, हळवा लेख झाला असता. पण ही तुलना जेथे मोडते ते सांगितले पाहिजे. जाफरला बोलावले, कारण त्याच्यासारखा दुसरा नव्हता. आम्हाला बोलावतात, कारण आमच्यासारखे पुष्कळ आहेत. पाहुणा खेळाडू घेतल्यावर संघ अधिक खर्च करतो. तासिकेवरचा शिक्षक घेतल्यावर पूर्ण पदाचा खर्च वाचतो. एकाच 'करार' शब्दात या दोन उलट दिशेच्या गोष्टी बसवल्या जातात आणि भाषेचे विद्यार्थी असूनही आपण ते चालवून घेतो. शिवाय जाफरने विनामोबदला खेळणे हा त्याच्या मनाचा मोठेपणा होता. तो त्याला परवडतही होता, कारण त्यामागे कसोटीची कारकीर्द होती आणि नोकरी होती. सालदाराला असा मोठेपणा दाखवायला सांगणे हा निर्लज्जपणा ठरेल.

खरा जर्नीमन शोधायचा तर तो जाफर नव्हे, सतीश. तो भारताकडून कधी खेळला नाही. विदर्भाच्या दोन्ही पहिल्या विजेतेपदांत तो होता. २०१७ च्या डिसेंबरात कोलकात्याला उपांत्य सामन्यात समोर कर्नाटक होते, म्हणजे त्याचे स्वतःचे जुने घर. पहिल्या डावात विदर्भ ११६ धावांनी मागे पडला होता. दुसऱ्या डावात सतीशने ८१ केल्या. विदर्भ जिंकला पाच धावांनी. त्या पाच धावा कोणाच्या, हे कोणी विचारू नये. पण ८१ मध्ये त्या कोठेतरी असणारच. पुढे तोही त्रिपुराकडे गेला.

आणि घरचे तरी कायम घरचे राहतात का? ७ फेब्रुवारी २०१९ रोजी जामठ्यावर सौराष्ट्राला हरवून विदर्भाने करंडक राखला, तेव्हा सामन्यात अकरा बळी घेणारा आदित्य सरवटे नागपूरचाच. सहा वर्षांनी, २०२५ च्या फेब्रुवारीत, त्याच मैदानावर विदर्भ आणि केरळ अंतिम सामन्यात भिडले आणि केरळच्या बाजूने ७९ धावा करून उभा राहिला तो सरवटे! तो आता तिकडचा पाहुणा होता. इकडे विदर्भाकडून त्या सामन्यात ८६ आणि १३५ धावा केल्या त्या करुण नायरने. कसोटीत त्रिशतक करूनही आधी भारताच्या आणि मग कर्नाटकच्या संघाबाहेर पडलेल्या या फलंदाजाला विदर्भाने दोन हंगाम घर दिले. पहिल्या डावातल्या आघाडीवर विदर्भाला तिसरे विजेतेपद मिळाले. त्याच वर्षी नायर कसोटी संघात परतला आणि पुढच्या रणजी हंगामासाठी कर्नाटकला गेला. साल संपले.

मला वाटते, आपल्या जिल्ह्याला यात नवल वाटू नये. वर्धा ज्यांच्यामुळे ओळखले जाते ते विनोबा कोकणातल्या गागोद्याचे. १९२१ मध्ये येथे आले. गांधीजी १९३६ मध्ये शेगावात राहायला आले आणि ते सेवाग्राम झाले. पाहुण्यांनी आमच्या गावांची नावेसुद्धा बदलली. तरीही माणसाची किंमत तो कोठला आणि किती दिवसांचा यावरून करण्याची आमची सवय गेलेली नाही.

चौदा वर्षांनंतर या व्यवस्थेविषयीची माझी तक्रार कमी झालेली नाही, आणि ती कमी व्हावी असेही मला वाटत नाही. पदे भरली जावीत. सालदारीला कसबाचे नाव देऊन ती सोज्वळ करू नये. मात्र एक गोष्ट मी वेगळी ठेवायला शिकलो आहे. नेमणूक तात्पुरती असते, तास तात्पुरता नसतो. तो झाला की झाला. मोजणाऱ्यांनी तो कोणत्याही रकान्यात टाकला तरी समोरच्या बाकावर तो घडलेला असतो. १५ मार्चचा तो दिवस जाफरच्या मालकीचा नव्हता आणि विदर्भाच्याही नव्हता. तो पूर्ण खेळला गेला होता, इतकेच मी खात्रीने सांगू शकतो.

त्या विद्यार्थिनीने गृहपाठाची वही आठवड्याने आणून दिली. 'सालदार' खोडून तिने 'साल ठरवून खेळणारा' असे लिहिले होते. कारण विचारले तेव्हा म्हणाली, "सर, नुसतं सालदार लिहिलं तर तो गरीब वाटतो. बाबा गरीब होते, पण बैल त्यांचंच ऐकायचे."

मी दुरुस्तीला गुण दिले. वहीच्या तळाशी सही केली. कायम आणि तासिका, दोघांसाठी सहीची जागा तेथे एकच असते.