क्यूसी केमिस्ट, फ्रेशर

२ जुलै २०२४, मंगळवार. चिपळूण

बायोडाटा करून घेतला. बाजारपेठेतल्या झेरॉक्सवाल्याकडे तयार नमुना असतो, नाव आणि शिक्षण तेवढं बदलायचं. पहिल्या प्रतीत उंची आणि रक्तगट यांच्या मधोमध 'रास' राहून गेली होती. लग्नाचा आणि नोकरीचा बायोडाटा तो एकाच फाइलीतून काढतो. रास काढायला लावली. रक्तगट राहू दे म्हणाला, केमिकल कंपनीत उपयोगी पडतो.

छंदांची ओळही काढली. त्या जागी स्वतःच्या हाताने काय केलंय ते लिहिलं: टायट्रेशन, पीएच मीटर, कलरीमीटर. एचपीएलसी लिहावं की नाही यावर मैत्रिणीशी वाद झाला. प्रत्येक जाहिरातीत 'फ्रेशर चालेल' आणि 'एचपीएलसी हाताळता येणे आवश्यक' अशी दोन्ही वाक्यं असतात. आमच्या कॉलेजात ते यंत्र नाही. पंप, इंजेक्टर, कॉलम, डिटेक्टर अशी आकृती काढून मार्क मिळवले, एवढीच आमची त्याच्याशी ओळख. मी 'थिअरी माहीत' असं लिहिलं. मैत्रिणीने सरळ 'येते' लिहिलं.

४ जुलै, गुरुवार

अधिवासाचा दाखला काढायला सेतूत गेले. स्थानिक उमेदवार म्हणून कंपन्या मागतात. तिथे पाय ठेवायला जागा नाही. लाडकी बहीण योजनेसाठी अख्ख्या तालुक्यातल्या बायका लोटल्यात. रेशनकार्ड चालेल, पिवळं-केशरी असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको, असं परवाच सरकारने जाहीर केलंय. पण रांगेत कोणाला पटत नाही. कागद जास्त असलेला बरा, असं एक आजी म्हणाल्या. महिना १,५०० रुपये आणि २१ वर्षं पूर्ण हवीत. मला पूर्ण झालीत. "तुझाही भर की गो," म्हणाल्या. मी म्हटलं, मला नोकरीसाठी दाखला हवाय. "मग तर दोन्ही भर."

टोकन मिळालं. दाखला कधी मिळेल ते सांगता येत नाही म्हणे.

१५ जुलै, सोमवार

काल संध्याकाळी दिवाणखवटीच्या बोगद्यापाशी दरड आली आणि कोकण रेल्वे बंद पडली. आई म्हणाली, नको जाऊस, फोन करून सांग. फोन केला. पलीकडून उत्तर: "इंटरव्ह्यू आजच आहेत, पुढचं काही सांगता येत नाही." मग एसटी. गेल्या वर्षीच्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट आहे. नोकरी शोधत फिरणाऱ्या मुलीला याहून कामाची सरकारी योजना मला तरी माहीत नाही.

महाड एमआयडीसी. गेटवर रजिस्टर, मोबाइल जमा, पत्र्याच्या शेडखाली थांबणं. माणगावचा एक मुलगा होता, बी.एस्सी. पोलादपूरची एक ताई एम.एस्सी. करून आलेली, त्याच जागेसाठी, त्याच पगारात. तिच्याकडे बघून माझी अर्धी तयारी गळाली.

आत दोघे जण. मार्कशीट उलटवत पहिला प्रश्न, "बारावी २०२१? म्हणजे तुमची कोरोना बॅच." दुसरे हसले. परीक्षा झाली नाही हे खरं आहे. दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३०, बारावीचे ४० असं धरून निकाल लावला होता. एफवायची बरीच प्रॅक्टिकल्स आम्ही मोबाइलवर बघितली, हेही खरं. पण त्यावर हसून झाल्यावर आता काय येतं ते विचाराल की नाही? एकच विचारलं, मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटी यातला फरक. सल्फ्युरिक ॲसिडचं एक मोलर म्हणजे दोन नॉर्मल, असं उदाहरण देऊन सांगितलं. मान डोलावली आणि गाडी लगेच रात्रपाळीवर. बस असेल तर येईन, म्हटलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मुलींना आम्ही जनरल शिफ्टलाच घेतो. आणि जनरलला सध्या जागा नाही."

माझं नाव बायोडाटावर ठळक अक्षरात आहे. मुलगी आहे हे दरडीच्या दुसऱ्या दिवशी महाडला बोलावून तपासायची गरज नव्हती.

रात्री कायदा शोधला. १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या ६६ व्या कलमात बायकांची वेळ मुळात सकाळी ६ ते संध्याकाळी ७ अशी लिहिलेली. अटी पाळल्या तर सवलत मिळते. अटी म्हणजे बस, पहारा, सोबतीला आणखी बायका. थोडक्यात खर्च. तो करायचा नसला की जनरलला जागा नसते.

१७ जुलै, बुधवार. आषाढी

उपास. टीव्हीवर पंढरपूर. मुख्यमंत्र्यांनी तिथून युवा कार्य प्रशिक्षण योजना सांगितली: बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना, सहा महिने. लोकांनी लगेच 'लाडका भाऊ' नाव ठेवलं. मुलींनाही आहे ती, पण शेजारच्या काकूंनी आईला, "तुमच्या मुलाचं बघा," असंच सांगितलं. दादा मुंबईत नोकरीला आहे.

सहा महिने झाल्यावर काय, हे बाबांनी विचारलं. टीव्हीने सांगितलं नाही.

२२ जुलै, सोमवार

पुराला तीन वर्षं. सगळे आज पाण्याच्या खुणा दाखवत होते. बाबांच्या दुकानातला माल त्या दिवशी गेला आणि वरच्या फळीवर ठेवलेली माझी दहावीची मार्कशीटही. रत्नागिरीच्या कोकण बोर्डाकडून दुसरी प्रत आणली, तिच्यावर 'डुप्लिकेट' असं छापलेलं. चिपळुणात ते कोणाला समजावावं लागत नाही. कंपन्यांचे एचआरवाले बाहेरून आलेले असतात, त्यांना पहिल्यापासून सांगावं लागतं.

३० जुलै, मंगळवार

लोटे. वॉक-इन होतं, म्हणजे सकाळी आठला उभं राहायचं आणि नंबर आला की आत. एचआरच्या मॅडमनी डुप्लिकेटचं कारण विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतेस ते विचारलं. मग अगदी प्रेमाने, "घरी लग्नाचं काही चाललंय का?" बाहेर येऊन आमच्या वर्गातल्या मुलाला विचारलं. त्याला हा प्रश्न नव्हता. तो तर साखरपुडा झालेला.

मला आता असं वाटायला लागलंय की 'तू किती दिवस टिकशील' हा एकच प्रश्न हे लोक वेगवेगळ्या तोंडांनी विचारतात. गाव कुठलं, राहणार कुठे, लग्न कधी, पुढे शिकणार का, सगळं तेच. पगार किती दिला तर माणूस टिकेल, हे मात्र कुणी काढत नाही.

शेवटी म्हणाल्या, "त्या नव्या योजनेतून ये. सहा महिने सरकार पैसे देईल, मग बघू." विचार करून सांगते म्हटलं. मनातल्या मनात नाहीच म्हटलं.

६ ऑगस्ट, मंगळवार

पुन्हा लोटे, दुसरी कंपनी. शेजारचे काका तिथे ऑपरेटर आहेत, त्यांनी बायोडाटा दिला होता. त्याला वशिला म्हणावा तर म्हणावा. त्यांच्या शब्दावर गेटच्या आत गेले, पुढचं मलाच करायचं होतं.

लॅब इन्चार्ज पन्नाशीचे. खुर्चीत बसवलंच नाही. ॲप्रन आणि गॉगल दिला आणि म्हणाले, "पर्मँगनेट आहे, ऑक्झॅलिक ०.१ नॉर्मल आहे. नॉर्मॅलिटी काढ. मी इथेच आहे."

ब्युरेट आधी पाण्याने, मग पर्मँगनेटनेच विसळली. खालच्या टोकातला बुडबुडा घालवला. फ्लास्क फक्त पाण्याने धुतला. त्यात ऑक्झॅलिक दहा मिली, वर सल्फ्युरिक, मग ६०-७० अंशांपर्यंत गरम. "हायड्रोक्लोरिक का नाही?" क्लोराइडवरही पर्मँगनेट खर्ची पडतं, आकडा चुकतो. "इंडिकेटर?" ते स्वतःच. "रीडिंग वरून घेतेस?" गडद रंगात खालची कडा दिसत नाही, म्हणून वरची. त्यांनी मान हलवली नाही की हसले नाहीत.

रीडिंग आली ९.७, ९.८, ९.७. तशीच लिहिली.

"मधलं ९.८ का ठेवलंस?"

"आलं ते लिहिलं, सर."

कॉलेजात हे असं चालत नाही. तिथे तिन्ही आकडे सारखे दिसायला हवेत, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कित्येक जण ब्युरेट उघडतच नाहीत. जर्नल सुरेख होतं, सरांची सही होते. कंपनीत त्याच सवयीला खोटा रेकॉर्ड म्हणतात. इन्चार्जनी मला त्यांची वही दाखवली. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, बाजूला सही, तारीख. व्हाइटनर लॅबमध्ये आणायलाच बंदी.

हिशोब ०.१०३१ नॉर्मल आला. त्यांच्या बाटलीवरचं लेबल त्यांनी तेव्हा कुठे माझ्याकडे फिरवलं: ०.१०३. गाव, लग्न, पाच वर्षं, काहीच विचारलं नाही. एचपीएलसी शिकायला किती दिवस लागतील, असं मीच विचारलं. "तीन महिने. आणि न येणाऱ्याला शिकवणं सोपं, 'येतं' म्हणून आलेल्याला अवघड."

आजवर झालेल्यांत हाच काय तो इंटरव्ह्यू. बाकीच्या ठिकाणी चौकशी झाली.

१३ ऑगस्ट, मंगळवार

पत्र आलं. ट्रेनी केमिस्ट, सहा महिने प्रोबेशन, सोमवार १९ ऑगस्टपासून. त्या दिवशी राखी आहे. दादाला रविवारीच यायला सांगितलं.

पत्रात सीटीसी १,८७,८६० रुपये. आईने आकडा ऐकून देवापुढे साखर ठेवली. बाबा म्हणाले, "हातात किती?" कागद घेऊन बसलो. बेसिक १०,०००, घरभाडे भत्ता ४,०००. बेसिकच्या १२ टक्के पीएफ म्हणजे १,२०० वजा, ईएसआयचे पाऊण टक्का म्हणजे १०५ वजा. व्यवसायकर नाही, बायकांना २५,००० पर्यंत माफ आहे. हातात १२,६९५. कंपनी स्वतः भरते तो पीएफचा आणि ईएसआयचा वाटा धरून तो मोठा आकडा झालाय. हे कॉलेजात तीन वर्षांत एका तासाला तरी सांगायला हवं होतं, अणूच्या रचनेइतकंच महत्त्वाचं आहे.

बस चिपळूणहून सकाळी, फुकट. पाळी सध्या जनरल. रात्रपाळीचं विचारलं, तर इन्चार्ज म्हणाले, चार मुली झाल्या की बससाठी मीच वर लिहितो. आता तिघी आहेत, माझ्यासकट. मैत्रिणीचा बायोडाटा मागवून घेतलाय. एचपीएलसीची ओळ खोडायला सांगितली.

पगार दर ७ तारखेला. ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी आहे, बँका बंद, दुसऱ्या दिवशी रविवार. एचआरला फोन करून विचारलं. ६ तारखेला जमा होईल म्हणाले.