ओरडणाऱ्यांची बैठक

खारघर

ती. मावशीस,


परवा फोनवर तू विचारलंस, की त्या कोल्डप्लेला जाणारी पोरं अख्खं गाणं स्वतःच ओरडतात, मग ऐकतात कधी? प्रश्न खोचक होता, पण रास्त होता. सवाई गंधर्व महोत्सवाला वर्षानुवर्षं सतरंजी पसरून बसणाऱ्या बाईने तो विचारायलाच हवा. फोनवर सांगत बसलो असतो तर तुझी मालिका बुडाली असती, म्हणून हे पत्र.

आमच्या खारघरात या नादाची बरीच मंडळी आहेत. त्यांचं भाग्य असं, की नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम हार्बरच्या गाडीने तिसऱ्या स्टेशनावर. २००८ साली ते क्रिकेटसाठी उभं राहिलं, त्याच वर्षी आयपीएलचा पहिला अंतिम सामना तिथेच झाला. पुढे मोठमोठे बँड तिथे उतरू लागले: १५ डिसेंबर २०१९ ला यू-टू, आणि जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ नि २१ तारखेला कोल्डप्ले. त्याआधी या मंडळींना ऊठसूट बंगळुरू गाठावं लागे. आयर्न मेडन २००७ साली तिथेच आला, मेटॅलिका २०११ साली तिथेच. आता कार्यक्रम संपला की शेवटच्या लोकलने घरी येऊन आमटीभात खाता येतो. बंगळुरूच्या वाऱ्या केलेल्या जुन्या खोडांना या नव्या सुखाचा थोडा रागच आहे.

त्यांच्यात दोन जाती. एक गाण्यावाले, एक अल्बमवाले. गाण्यावाल्यांना कोल्डप्लेचं ‘यलो’ आलं, ‘फिक्स यू’ आलं की पैसे वसूल. अल्बमवाल्यांना २००० सालच्या ‘पॅराशूट्स’पासून २०२४ च्या ‘मून म्यूझिक’पर्यंतचे दहाही अल्बम क्रमाने पाठ असतात. २००५ च्या ‘एक्स अँड वाय’नंतर बँड बिघडला की सुधारला, यावर ते लोकलच्या दारात उभं राहून सीवूड्स ते खारघर भांडू शकतात. २०१९ च्या ‘एव्हरीडे लाइफ’चा विषय निघाला की त्यांचा स्वर हळवा होतो. पर्यावरणाची हानी टाळण्यासाठी बँडने त्या अल्बमचा दौराच काढला नाही, त्यामुळे त्यातली गाणी समोर ऐकायला फारशी मिळतच नाहीत.

यू-टूच्या वेळी या दोन जातींची खरी परीक्षा झाली. १९८७ चा ‘द जोशुआ ट्री’ हा अल्बम त्या दौऱ्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच क्रमाने वाजवला जाई. त्यातली पहिली तीन गाणी जगाला ठाऊक असलेली. नंतरचा बराचसा भाग संथ, आतल्या आवाजाचा. पहिल्या तिनांत स्टेडियम डोक्यावर घेणारे लोक पुढे शेजाऱ्याशी गप्पा मारायला लागतात, सेल्फी काढतात, खायला आणायला उठतात. अल्बमवाल्यांच्या लेखी हे घोर पाप. ख्याल संपून तराणा लागायच्या आत चहाला उठणाऱ्याकडे तू ज्या नजरेने बघतेस, तीच नजर त्यांची.

आता तुझा प्रश्न. गाणं ओरडून म्हणणं हा इथे अपराध नाही, तो श्रोत्याचा वाटा आहे. कोल्डप्लेच्या ‘विवा ला विदा’मधला शब्दाविना हेल हजारो गळ्यांतूनच यायचा असतो, गायक तिथे मुद्दाम गप्प राहतो. पण यालाही पथ्य आहे. नुसत्या पियानोवर गाणं चालू असताना बेसुरं किंचाळणं, दोन गाण्यांमधल्या शांततेत आपल्या आवडीच्या गाण्याची मागणी करणं, ओपनरला, म्हणजे आधी वाजवणाऱ्या छोट्या कलाकाराला, हुर्यो करणं हे वर्ज्य. मराठी माणसाने यावर नाक मुरडू नये. बालगंधर्वांच्या नाटकांत एकेका पदाला वन्स मोअर घेत रात्र सरवणारे आपलेच आजे-पणजे होते, आणि मधे थांबलेल्या कथानकाची त्यांना पर्वा नव्हती.

खरं वैर आहे ते मोबाइलशी. फ्लोअरवर, म्हणजे स्टेजसमोरच्या उभ्याने बघायच्या जागेत, बुटक्या मुलीची काय गत होते ते ऐक. पुढच्या माणसाने दोन्ही हात वर करून फोन धरलेला. तिला कोल्डप्लेचा गायक ख्रिस मार्टिन दिसतो तो त्या फोनच्या पडद्यावर, बोटाएवढा, आणि वरून त्या माणसाला येणारे व्हॉट्सअॅप निरोपही दिसतात. कोल्डप्लेने यावर स्वतःच तोड काढली. ‘अ स्काय फुल ऑफ स्टार्स’ रंगात येतं न येतं तोच मार्टिन ते थांबवतो, आता फोन खिशात घाला म्हणतो आणि गाणं पहिल्यापासून सुरू करतो. हा त्या दौऱ्यातला ठरलेलाच भाग. खारघरकरांचा त्यापुढचा अलिखित नियम: चित्रण एकाच गाण्याचं, फोन छातीच्या उंचीवर, फ्लॅश बंद. आपल्या नाट्यगृहांत तर तेवढंही पाळलं जात नाही. २०१९ साली सुबोध भावेंनी प्रयोगात वाजणाऱ्या फोनना कंटाळून जाहीर नाराजी व्यक्त केली होती, आठवतं ना? निदान रॉकच्या गर्दीत वाजलेला फोन ऐकू तरी येत नाही!

कोल्डप्लेच्या मनगटी पट्ट्यांची गंमतही सांगतो. आत शिरताना प्रत्येकाला एक दिव्याची पट्टी मिळते. तिचा रंग आणि लुकलुकणं दुरून नियंत्रित होतं, त्यामुळे बसल्या जागी प्रत्येक माणूस रोषणाईचा भाग होतो. सोबत कागदी चष्मा. तो घातला की प्रत्येक दिव्याभोवती बदाम दिसतो. पट्टी जाताना परत करायची असते, आणि कोणत्या शहराने किती टक्के परत केल्या हे पडद्यावर झळकतं. आठवण म्हणून ती खिशात घालणारे इथेही निघाले. त्यांची आमच्याकडे अजून टर उडवली जाते.

मेटलवाल्यांचा गोतावळा वेगळा. त्यांचा मॉश पिट बघून तू पोलिसांनाच फोन करशील. गोल रिंगणात पोरं एकमेकांवर आदळतात. पण त्यातला पहिला नियम कडक आहे: कोणी पडला की सगळ्यांनी थांबायचं, आधी त्याला उचलायचं. हा नियम उगाच नाही. ३० जून २००० रोजी डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅम वाजवत असताना पुढच्या गर्दीत चेंगरून नऊ तरुण गेले. गायक एडी वेडर लोकांना मागे सरका म्हणून विनवत होता. आपल्याकडे २०११ साली गुरगावचा मेटॅलिकाचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला, तेव्हा चिडलेल्या प्रेक्षकांनी स्टेजची मोडतोड केली. संयोजकांचं चुकलं म्हणून अॅम्प्लिफायर फोडायचे, हे मला कधीच पटलं नाही.

गर्दी आणि पाणी या गोष्टी खारघरला कोणी शिकवायला नकोत. १६ एप्रिल २०२३ ला इथल्या मैदानावर भर उन्हात महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा झाला आणि उष्माघाताने चौदा जण दगावले. तेव्हापासून इथली मंडळी कुठल्याही कार्यक्रमाला निघण्याआधी गाणी कोणती यापेक्षा आधी विचारतात, की आत पाणी कुठे मिळतं आणि बाहेर पडायचे दरवाजे किती. हे मला कौतुकास्पद वाटतं.

मला खटकतो तो पैसा. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्डप्लेची तिकीटविक्री उघडली तेव्हा एक कोटीहून अधिक लोक रांगेत होते. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत दर, आणि काळ्या बाजारात लाखांची भाषा. पैसे मोजलेत म्हणून हवं ते करीन, ही वृत्ती त्यातूनच येते. सर्वांत महाग लाउंजमधले लोक सर्वांत कमी ऐकतात, यावर गाण्यावाले आणि अल्बमवाले यांचं एकमत आहे. जुने लोक मग धोबीतलावच्या रंगभवनाची आठवण काढतात. १९८६ पासून तिथे इंडिपेंडन्स रॉक भरे, आणि खिशात दमडी नसलेला कॉलेजवालाही देशातले बँड ऐके. पुढे शांतता क्षेत्राचे नियम आले, रुग्णालयं नि महाविद्यालय शेजारीच, आणि रंगभवन मुकं झालं. नियम बरोबरच होते. पण पोरांनी जायचं कुठे, हे कोणी पाहिलं नाही.

सध्या इथे एकच वाद पेटलेला आहे: खुर्चीचं तिकीट काढलं तर उभं राहावं का? पुढचा उठला की मागच्याला उठावंच लागतं, आणि गुडघेदुखीवाल्याचे पैसे पाण्यात. बँकेतल्या एका गृहस्थांनी तोडगा काढला, की ओपनरला बसायचं, मुख्य बँडच्या जलद गाण्यांना उठायचं, संथ गाण्यांना पुन्हा बसायचं. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीला तो मान्य नाही. तिचं म्हणणं, बसायचंच असेल तर बाबांनी घरी सीडी लावावी.

काकांना नमस्कार. डिसेंबरात सवाईसाठी मुकुंदनगरला येतोच आहे, माझी जागा धरून ठेव.

तुझा,
भाचा