डोळ्यांचा शीण

आपल्या भाषेने डोळ्यांना कामे थोडी का दिली आहेत? ते येतात, लागतात, दिपतात, पाणावतात. कुणाची वाट पाहून थकतातही. पण पोटापाण्याच्या कामाने डोळे थकतात, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हते. आमच्याकडे थकते ती कंबर, नाहीतर हात. अण्णांचे सारे आयुष्य शेतात गेले. मी पहिल्यांदा डोळ्यांची तक्रार केली तेव्हा ते म्हणाले, "खुर्चीत बसून डोळे कशानं दुखायलेत रे तुझे?" त्यात राग नव्हता. त्यांना खरोखरच उमगत नव्हते. मलाही नीट सांगता येईना, कारण खुर्चीत बसून कमावणारा आमच्या घरातला पहिला माणूस मीच.

कॉलेज सुटले की मी मुखेडातल्या एका सेवा केंद्रावर संगणकाचे काम करतो. पैसे अर्जामागे मिळतात. त्यातून फी आणि खोलीचे भाडे निघते. पीकविम्याच्या मुदतीचे शेवटचे दिवस म्हणजे आमची सुगी! दिवसा सर्व्हर रेंगाळतो, म्हणून रात्री उशिरापर्यंत बसावे लागते. सातबारा, आधार आणि पासबुक या तिन्हींवरचे नाव अक्षराला अक्षर जुळवून पाहायचे. देवनागरी लिपी सुंदर खरी. पण पडद्यावर 'ष' आणि 'प', 'भ' आणि 'म' वेगळे काढताना जीव मेटाकुटीला येतो. रफार तर मुंगीएवढा. एक टिंब चुकले तर अर्ज परत येऊ शकतो, आणि तो अर्ज कुणाच्या तरी वर्षभराच्या पिकाचा असतो. अशा वेळी पापणी लवतेच कुठे? डोळ्यांत तेल घालून काम करावे म्हणतात; इथे होते ते पाणीही आटून जाते.

हे नुसते बोलण्यापुरते नाही. एरवी माणसाची पापणी मिनिटाला साधारण पंधरा वेळा लवते. पडद्याकडे टक लावली की ते प्रमाण निम्म्याच्याही खाली येते. पापणी लवते तेव्हाच बुबुळावर पाण्याचा पातळ थर पसरतो. तो सुकला की जळजळ सुरू होते. त्यात आपला मराठवाड्याचा उन्हाळा आणि थेट तोंडावर सोडलेला पंखा! दुसरे कारण डोळ्याच्या आतले. जवळचे पाहायचे तर आतला एक बारीक स्नायू आवळून धरावा लागतो. दूर पाहिले की तो सैल पडतो. शेतात नजर बांधापलीकडे, आभाळाकडे जात-येत राहते. माझी नजर मात्र तासन्‌तास हातभर अंतरावर खिळलेली.

अण्णांना मी हे घागरीवरून सांगितले. भरलेली घागर उचलणे जड नाही. ती तासभर तशीच हातात धरून उभे राहणे जड. अण्णा लगेच म्हणाले, "मग मधी-मधी खाली ठेव की!"

डॉक्टर लोक सांगतात ते याहून वेगळे नाही. दर वीस मिनिटांनी, वीस फुटांपलीकडे, वीस सेकंद पाहावे. अर्जामागे पैसे मिळणाऱ्याला प्रत्येक सेकंद महाग, म्हणून मी हिशेब मांडला. तासातून तीनदा वीस सेकंद, म्हणजे अवघे एक मिनिट. एवढ्यात काही अर्ज बुडत नाही.

बाकीच्या गोष्टी बिनपैशाच्या आहेत. आमचा मॉनिटर सीपीयूच्या पेटीवर चढवलेला होता, म्हणून डोळे टक्क उघडे राहत. तो खाली उतरवला. आता वरची कड डोळ्यांच्या किंचित खाली येते. टेबल फिरवले, तशी दाराची तिरीप पडद्यावरून गेली. पंख्याचे तोंड वळवले. अक्षर मोठे केले, याचा उपयोग सर्वांत जास्त झाला. निळा प्रकाश अडवणारे चष्मे मात्र मी घेतले नाहीत. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने अशा १७ चाचण्या एकत्र तपासल्या. निदान थोड्या काळाच्या वापरात तरी साध्या काचेपेक्षा त्यांनी शीण कमी होतो असे दिसले नाही. त्यापेक्षा सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घ्यावेत. लपलेला नंबर असला तर वरचे सगळे उपाय करूनही डोके दुखतच राहते.

परवा रांग दारापर्यंत होती. मी काम थांबवून रस्त्यापलीकडच्या लिंबाकडे पाहत होतो. पुढचे म्हातारे मामा वैतागले, "काय बघायलास बाहेर? नंबर माझा हाय." म्हटले, "मामा, तुमचं नाव नीट दिसावं म्हणून बघायलोय." त्यांनीही वळून लिंबाकडे पाहिले आणि मग सातबारा माझ्यापुढे सरकवला.